बिननंबरी टेक्निशियन

मॅडम दारातच उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात पत्र होतं. नांदेडच्या आमच्या दवाखान्यात त्या पॅथॉलॉजिस्ट. सकाळची अकराची वेळ, लॅबमधली सगळ्यात घाईची. मी रक्ताच्या ट्यूबा रॅकमध्ये लावून एकेक मशीनला देत होते. त्या म्हणाल्या, "ताई, ते राहू द्या. इकडं या जरा."

पत्र दवाखान्याच्या व्यवस्थापनाचं होतं. बाहेरून तपासणी पथक येणार होतं. लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक रिपोर्टवर आणि भिंतीवरच्या फलकावर पाहिजे, आणि ज्याच्याकडे क्रमांक नाही त्यानं पुढच्या एक तारखेपासून सँपलला हात लावायचा नाही, असं त्यात लिहिलं होतं. लॅबमध्ये आम्ही तिघं. बाकी दोघांकडे क्रमांक होते, आणि ती दोघंही माझ्याच हाताखाली शिकलेली.

"मॅडम, मी इथं तेवीस वर्षं..."

"मला माहितीय ताई. पण वर्षांसाठी त्यात रकाना नाही."

चूक माझीही होती, ते आधीच सांगून टाकते. नोंदणी सुरू झाली तेव्हाच मी एकदा अर्ज केला होता. तो परत आला. शेरा एकच : 'नावात तफावत'. डिप्लोमावर माझं माहेरचं नाव, पुढं 'कुमारी'. आधार कार्डावर सासरचं. मी ती फाइल कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आणि म्हटलं, बघू पुढं. मग दोन पोरींच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण. शिवाय विचारतंय कोण? डॉक्टरला रिपोर्ट पाहिजे, पेशंटला रिपोर्ट पाहिजे. तो काढणाऱ्या बाईचा नंबर काय, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. माझे यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. दर दिवाळीला कपाट आवरताना फाइल त्यांच्या हाताला लागायची. ते म्हणायचे, "अगं, हे एकदाचं करून टाक." मी म्हणायची, "करते हो." आणि फाइल परत साड्यांच्या खाली.

त्या संध्याकाळी ती फाइल घेऊन मी घराजवळच्या ई-सेवा केंद्रात जाऊन बसले. तिथल्या मुलीनं अर्ज उघडला. नाव, पत्ता, फोटो सगळं झालं. मग 'संस्थेचं नाव निवडा' असं आलं आणि एक लांबलचक यादी खाली उघडली. ती बिचारी वरून खाली गेली, खालून वर आली.

"काकू, तुमचं कॉलेज न्हाई यात."

"असं कसं? लातूरला होतं की. मी तिथून शिकले."

"असंल. पण यादीत न्हाई. 'इतर' टाकू का?"

'इतर' टाकलं तर आणखी एक खिडकी उघडली. यादीबाहेरच्या संस्थेतून शिकलेल्यांनी संस्थेच्या लेटरहेडवर पडताळणी पत्र आणावं, आणि नाव बदललं असल्यास राजपत्राची प्रत जोडावी. मी घरी फोन करून सांगितलं, उशीर होईल. खरं तर उशीर काहीच झाला नाही, कारण करण्यासारखं तिथं काही उरलंच नव्हतं. मी बाहेर येऊन नुसतीच गाडीवर बसून राहिले.

एक तारीख आली. मॅडमनी मला सँपल घेण्याच्या खिडकीवर बसवलं. घेण्याच्या म्हणजे, सुई टोचायची सुद्धा नाही. नाव विचारायचं, वय विचारायचं, ट्यूबवर चिकटपट्टी लावायची, आणि पुढच्या खुर्चीकडे बोट दाखवायचं. ज्या आजीची शीर सापडत नाही ती नेमकी माझ्यासमोर येऊन हात पुढं करायची आणि मी म्हणायची, "तिकडं जा आजी." एक म्हातारी तर माझ्यावर चिडली. म्हणाली, "का गं, आज हात दुखून राहिला का तुझा?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी आतून हाक मारली. मायक्रोस्कोपखाली एक स्लाइड होती. मशीननं त्या पेशंटच्या प्लेटलेट धोक्याइतक्या कमी दाखवल्या होत्या आणि वॉर्डातले डॉक्टर त्याला प्लेटलेट चढवायच्या तयारीत होते. मॅडमना शंका होती. त्या म्हणाल्या, "बघायला बंदी नाही, ताई. हात लावायला आहे."

मी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि वाकून पाहिलं. स्लाइड सरकवायला मॅडम होत्या. "डावीकडं घ्या. अजून. कडेला चला." कडेला प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे चिकटून बसले होते. मशीनला गठ्ठा मोजता येत नाही, म्हणून आकडा कमी आला होता. प्लेटलेट पुरेशा होत्या. "दुसऱ्या प्रकारच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन परत लावा," मी म्हटलं. परत लावलं, आकडा बरोबर आला. रिपोर्टवर सही दुसऱ्याची आणि नंबरही दुसऱ्याचा. मी खिडकीवर परत जाऊन चिकटपट्ट्या लावायला लागले. मला राग आला होता, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

त्याच सुमारास माझी धाकटी नणंद हदगावकडून आली. तिचं सासर तिथून जवळच्या एका खेड्यात, घरची शेती, सोयाबीन आणि कापूस. वेचणीच्या आधी दोन दिवस खरेदीला म्हणून ती आली होती. आमचं घर पहिल्या मजल्यावर. अर्ध्या जिन्यात ती मटकन खालीच बसली.

मी तिची खालची पापणी ओढून बघितली. कागदासारखी पांढरी.

"अगं, रक्त तपासलंस का कधी?"

"आत्ताच तर तपासलंय वहिनी, मागल्या आठवड्यात. साडेबारा हाय." तिनं पिशवीतून रिपोर्ट काढला. छापील, रंगीत, वर सूक्ष्मदर्शकाचं चित्र. हिमोग्लोबिन साडेबारा. साखर छान, लघवी छान, सगळंच छान.

मी तिला तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. आमच्या मशीननं पाच पॉइंट आठ दाखवलं. मी परत लावायला सांगितलं. परत तेच. चार दिवस ती आमच्याच दवाखान्यात होती. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, पोटाची सोनोग्राफी झाली, गाठ निघाली. पुढं त्या गाठीचंही ऑपरेशन झालं आणि ती आता बरी आहे. पण त्या रंगीत कागदावर विश्वास ठेवून ती शेतात वेचणीला उभी राहिली असती, तर काय झालं असतं, हे मला अजून डोक्यातून काढता येत नाही.

तिला सोडायला तिच्या गावी गेले तेव्हा तो रंगीत रिपोर्ट देणाऱ्या लॅबमध्ये मी शिरलेच. मेडिकलच्या दुकानामागं एक खोली. मशीनवर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ. आत चाळिशीचा एक माणूस मोबाइल बघत बसला होता. भिंतीवर मात्र काचेच्या चौकटीत नोंदणीचं प्रमाणपत्र, त्यावर त्याचा फोटो आणि नंबर.

"हे मशीन चालतं का?" मी विचारलं.

"चालतं की."

"मग लावा बघू चालू."

"लाइट गेली न ताई."

त्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता. मी पंख्याकडे बघितलं, त्यानंही बघितलं. मग तो जरा सावरून बसला.

"मी लॅब टेक्निशियन आहे," मी म्हटलं. "माझ्या नणंदेचं रक्त तुम्ही न तपासता रिपोर्ट दिला. कुठं शिकलात तुम्ही हे?"

"बाहेरच्या राज्यातली संस्था हाय. घरबसल्या केला कोर्स."

"आणि प्रॅक्टिकल?"

"व्हिडिओ पाठवायचे ते."

"व्हिडिओ बघून शीर सापडते?"

तो उठून उभा राहिला. आवाज चढवला नाही, उलट अगदी सौम्यपणे बोलला. "हे बघा ताई. माझा नंबर भिंतीवर हाय. सरकारनं दिलेला हाय. तुमचा काय नंबर हाय?"

माझ्याकडे तेवीस वर्षं होती, नंबर नव्हता. त्याच्याकडे नंबर होता. मी बाहेर आले. परतीच्या गाडीत मोबाइलवर तक्रारीचा अर्ज उघडला तर पाचव्याच ओळीत 'तक्रारदार व्यावसायिक असल्यास नोंदणी क्रमांक', आणि मी व्यावसायिक असं आधीच टाकल्यामुळं तो रकाना रिकामा ठेवून पुढं जाता येत नव्हतं. मी फोन पर्समध्ये टाकला. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं बाई?" मी म्हटलं, "काही न्हाई, रेंज न्हाई."

माझं एवढं सगळं ऐकून लोकांना वाटतं मी नोंदणीच्या विरोधात आहे. अजिबात नाही. वाटेल त्यानं सुई हातात घेऊ नये, असं माझ्याइतकं मनापासून कुणालाच वाटत नसेल. पण मग चाळणी अशी का, की खडे खाली पडतात आणि डाळ वर अडकते?

तो आठवडा संपायच्या आत मी सुट्टी टाकून लातूरची एसटी धरली. लोहा, अहमदपूर करत गाडी पोचेपर्यंत दुपार झाली. आमचं कॉलेज होतं ती इमारत उभी होती. रंग नवा आणि दर्शनी भागावर पांढरे कोट घातलेल्या पोरापोरींचे मोठमोठे फोटो. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची शिकवणी होती ती. वॉचमन म्हणाला, "लॅबवाले? ते कवाच गेले. आता समदं ट्यूशनच हाय."

सुदैवानं माझ्या बॅचच्या एका मैत्रिणीकडून सरांचा पत्ता मिळाला होता. आम्हाला प्रॅक्टिकल शिकवणारे सर. डाळ मिलच्या मागच्या गल्लीत राहतात. दार त्यांनीच उघडलं. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, अंगात बनियन. वय झालेलं, पण हात तसेच, स्थिर. ते मूळचे उदगीरकडचे, त्यामुळं आम्हा सगळ्या पोरींना अक्का म्हणायचे.

"ये अक्का. तू ती न, सुई टोचायच्या आधीच रडलीस ती?"

रडले होते खरी. पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला एकमेकींच्या शिरा काढायला लावल्या होत्या आणि मी दोनदा चुकले होते. तेव्हा त्यांनी स्वतःचा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझी काढ. माझी लागली की कुणाचीबी लागंल." तिसऱ्यांदा लागली. ते आज त्यांना सांगितलं तर हसले.

चहा झाल्यावर मी माझी कहाणी सांगितली. शेवटी म्हटलं, "सर, तुमची नोंदणी झाली असेल न? तुमच्या नंबरासह एक पत्र दिलं तरी चालेल कदाचित."

सर म्हणाले, "माझी न्हाई झाली, अक्का."

"म्हणजे?"

"मी बी.एस्सी. केमिस्ट्री. हे काम मी सरकारी दवाखान्यात शिकलो, डॉक्टर साहेबांच्या हाताखाली. तवा कुठं होता डिप्लोमा इकडं? मग तुम्हाला शिकवायला लागलो. आता त्यांनी अर्ज परत पाठवला. म्हणतात, शैक्षणिक पात्रता न्हाई." त्यांनी कप खाली ठेवला. "मी ज्यांना शिकवलं ते पात्र. मी अपात्र. काय बोलायचं?"

मीच भडकले. म्हटलं, "सर, तुम्ही भांडला का न्हाई?"

"भांडलो की. फोन उचलंना कुणी. मग या वयात नंबर घेऊन करू काय, असं म्हणून सोडून दिलं. चल, तुझं बघू."

ते शर्ट घालून माझ्यासोबत निघाले. कॉलेज चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेचं कार्यालय अजून होतं, एका ज्युनियर कॉलेजच्या आवारात. तिथल्या लिपिकानं माझे कागद उलटसुलट करून पाहिले.

"ते कॉलेज बंद झालंय मॅडम. बंद कॉलेजचं लेटरहेड कुठून आणू?"

"मग चालू कॉलेजच्या लेटरहेडवर द्या."

"चालू कॉलेज तुम्हाला ओळखत न्हाई."

"मी ओळखतो," सर म्हणाले.

लिपिकानं मान वर केली. "आपण कोण?"

त्या कॉलेजची लॅब सरांनी उभी केली होती. पहिला मायक्रोस्कोप हैदराबादहून मांडीवर ठेवून त्यांनी आणला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आणि हा माणूस विचारत होता, आपण कोण. मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी माझा हात दाबला आणि शांतपणे म्हणाले, "जुना नोकर हाय साहेब. रजिस्टरं कुठल्या खोलीत टाकलीत तेवढं सांगा. मी शोधून देतो."

रजिस्टरं जिन्याखालच्या खोलीत होती. जुन्या उत्तरपत्रिका, मोडक्या बाकांचे पाय, निवडणुकीच्या पेट्या आणि पायाखाली उंदरांनी केलेला चुरा. आम्ही दोघं दोन तास त्यात होतो. सर दर दहा मिनिटांनी खोकायचे आणि मी म्हणायची, "सर, बाहेर बसा." ते ऐकत नव्हते. शेवटी त्यांनीच एक लांबट वही ओढून काढली. प्रॅक्टिकलची हजेरी, त्यांच्याच अक्षरात. माझं कुमारीपणाचं नाव, रोल नंबर, दोन वर्षांचे पी आणि ए. ए तीनच होते. एक बहिणीच्या लग्नाचा. बाकीचे दोन कशाचे ते मला आठवेना.

"घ्या साहेब," सरांनी वही लिपिकाच्या टेबलावर ठेवली. धूळ उडाली तसा तो मागं सरकला.

तरी पत्र त्या दिवशी मिळालं नाहीच. सचिव परगावी गेले होते. पुढच्या खेपेला सचिव होते पण शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली परगावी. तिसऱ्या खेपेला दोन्ही होतं. तिन्ही वेळा सर येऊन बाकावर बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही कशाला त्रास घेता?" तर म्हणाले, "घरी तरी काय करून राहिलो? तुझ्या निमित्तानं चालणं होतं."

इकडं नावबदलाचा अर्जही केला होता, ते राजपत्रात छापून आलं. मी पत्र, राजपत्र, डिप्लोमा सगळं जोडून अर्ज पाठवला आणि यजमानांना म्हटलं, आता सुटलो. बारा दिवसांनी मोबाइल वाजला. शेरा तोच : 'नावात तफावत'.

यजमान म्हणाले, "आता काय तफावत? माहेरचं, सासरचं, दोन्ही दिलंय न?"

आम्ही दोघं कागद शेजारी शेजारी ठेवून चष्मे लावून बसलो. त्यांनाच दिसलं. डिप्लोमावर ज्यानं कुणी हातानं नाव लिहिलं होतं त्यानं माझ्या नावाला पहिली वेलांटी दिली होती. राजपत्रात दुसरी होती. दुसरीच बरोबर. पण डिप्लोमा चुकला होता, आणि डिप्लोमा दुरुस्त करून देणारं कॉलेज आता फक्त जिन्याखाली होतं.

नोंदणी कार्यालयात फोन लागायला चार दिवस गेले. पलीकडचे साहेब वाईट नव्हते, फक्त दमलेले होते.

"मॅडम, तुम्ही पहिल्या वेलांटीच्या का दुसऱ्या?"

"मी एकच आहे हो साहेब."

"तसं लिहून द्या मग. शपथपत्रावर."

म्हणून मी तहसीलसमोरच्या नोटरीकडे जाऊन शपथेवर लिहून दिलं की पहिल्या वेलांटीची आणि दुसऱ्या वेलांटीची, या दोन्ही स्त्रिया म्हणजे मीच. टंकलेखक ते टाइप करताना एकदाही हसला नाही. त्याला रोजचं होतं. वर म्हणाला, "न्हाईतर 'उर्फ' टाका न. उर्फ लई चालतं."

नंबर आला तो दुपारी, डबा खाताना, मोबाइलवर. मॅडमनी स्वतः फलकावर माझं नाव लिहिलं. आतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि एकानं समोरच्या हॉटेलातून भजी आणली. मी खूश झाले का? झाले. पण डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. मला सारखं वाटत होतं की मी काल जी होते तीच आज आहे, आणि काल मला मायक्रोस्कोपला हात लावायची बंदी होती. मी हात धुतले आणि राहिलेल्या स्लाइडा काढायला बसले. सरांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं. आता नवीन शिकायला येतील त्यांच्यावर चिडू नको."

त्यांचा अर्ज मी पुन्हा लिहिला. अनुभवाच्या आधारावर विचार व्हावा, अशी विनंती, सोबत त्यांच्याकडे शिकलेल्या आणि नंबर असलेल्या अकरा जणांच्या सह्या. आज इतके महिने झाले, 'विचाराधीन' असं येतं. मी दर सोमवारी बघते. सर विचारत नाहीत.

आणि नणंदेच्या गावातल्या त्या लॅबची तक्रार मी केली. पाचव्या ओळीत नंबर टाकला. अर्जानं तो आत घेतला.

मला वाटलं होतं काही होणार नाही. पण महिन्याभरानं खरंच दोन माणसं तिथं गेली. नणंदेनंच फोनवर सांगितलं. त्यांनी त्याला समोर एक हिमोग्लोबिन करून दाखवायला सांगितलं. मशीनमध्ये द्रावणच नव्हतं, कधीकाळी होतं ते वाळून गेलेलं. खोलीला सील लागलं.

"बरं झालं," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, "वहिनी, एक सांगू का? राग नको धरू. गावातले लोक तुला शिव्या देऊन राहिले."

"मला? मी काय केलं?"

"त्यांना कळलं न, तू तक्रार केली म्हणून. तो माणूस कसाबी असो, सुई तर टोचायचा, कागद तर द्यायचा. आता साध्या साखरेला हदगाव-नांदेड गाठावं लागून राहिलं. वेचणीच्या दिवसात कोण जाईल?"

"अगं, पण तो कागद खोटा होता! तुझाच जीव गेला असता!"

"ते मला कळतं वहिनी. त्यांना काय सांगू मी?"

मी फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. इतकी आपटली की यजमान आत डोकावून परत गेले.

संक्रांतीला हदगावला जाणं झालं. नणंदेला घेऊन बाजारातून स्टँडवर आले तर बाकावर बसलेला एक म्हातारा माझ्याकडे टक लावून बघत होता. डोक्याला मुंडासं, हातात काठी. नणंद कानात म्हणाली, आमच्याच गावचे आहेत.

"तूच का ती, लॅब बंद पाडणारी?" त्यानं विचारलं.

"हाव, मीच."

मला वाटलं आता चार लोकांत बोलणी खावी लागणार. म्हाताऱ्यानं काठी बाकाला टेकवली, बाही वर केली आणि हात पुढं केला. "मग माझं तू बघ. दोन वर्सं तो म्हणायचा साखर हाय, साखर हाय. गोळ्या खाऊन खाऊन चक्कर येती मला. खरं काय ते सांग."

"बाबा, इथं कसं बघू? सुई न्हाई, बाटली न्हाई. सोमवारी नांदेडला या. सकाळी, काही न खाता. चहा पण न्हाई घ्यायचा."

"येतो," तो म्हणाला. "एसटी फुकट हाय मला."

सोमवारी तो आला नाही. मी दोनदा बाहेर डोकावून बघितलं, मग कामात विसरले. मंगळवारी साडेदहाला खिडकीवरून मोठमोठ्यानं बोलण्याचा आवाज आला. तोच होता. गाडी चुकली म्हणून आदल्या दिवशी फाट्यावरून परत गेला होता. आज पहाटेच निघालेला, पोटात अन्नाचा कण नाही, आणि खिडकीवरचा नवा माणूस त्याला सांगत होता की आधार कार्डाशिवाय कागद निघत नाही, घरी जाऊन घेऊन या.

"अरे, मीच हाय न हा," म्हातारा म्हणत होता. "दुसरा कोण हाय?"

मी हातातली स्लाइड खाली ठेवली, कापूस आणि सुई घेतली आणि बाहेर गेले.